गळालेला झेड

फादर म्हणाले, एकशे वीस खुर्च्या मांड.
मी दीडशे मांडल्या.
बेचाळीस वर्षं चौथीला शिकवणाऱ्या बाईंसाठी
एकशे वीस!
हे गणित त्यांच्या वर्गात कुणी केलं असतं
तर वहीत लाल वर्तुळ आलं असतं.

सेंट कॅसिमिर शाळेचं तळघर.
बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं,
बटाटा भरलेल्या पिएरोगींचे झाकलेले ट्रे,
कॉफीचा बंब,
आणि दार उघडलं की एरी सरोवरावरून
थेट आत येऊन बसणारा वारा,
त्याला खुर्ची लागत नाही.

मी इथला केअरटेकर.
बॉयलर माझा, झाडू माझा,
आणि कधीकाळी चौथीतला शेवटचा बाकसुद्धा माझाच.

मिस ब्रोनिस्लावा श्चेपान्स्का.
आडनाव लिहायला शिकण्यातच आमची पहिली सहामाही जायची.
एस, झेड, सी, झेड.
"नीट लिहा," त्या म्हणायच्या,
"माझे वडील बोटीतून उतरले तेव्हा
एवढंच सामान होतं त्यांच्याजवळ."

पोलादाचा कारखाना बंद पडला त्या दिवशी
तीनचा भोंगा वाजला नाही.
आम्ही एकतीस पोरं, कान खिडकीकडे.
मिसनी खिडकी लावली नाही, प्रार्थनाही सांगितली नाही.
फळ्यावर मोठा भागाकार मांडला,
आणि शेवटी सात उरले तेव्हा म्हणाल्या,
"बाकी उरली म्हणजे गणित चुकलं असं नाही.
बाकी लिहायची. लपवायची नाही."

त्या हिवाळ्यात त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला.
वर्षानुवर्षं शाळेत हरवलेले हातमोजे होते त्यात,
सगळे एकेकटे.
मला डावा हिरवा मिळाला, उजवा तपकिरी.
घरी आईने पाहिले, काही बोलली नाही,
फक्त रात्री हिरव्याचं भोक शिवून ठेवलं.

त्यांना संत मात्र करू नका.
मला चौथीत दोन वर्षं बसवलं त्यांनी.
"टॅडेउश, तू बुद्धू नाहीस.
तुझा आळस तुझ्या ताटात जेवतो, एवढंच."
सहा महिने मी त्यांच्याशी अबोला धरला.
त्यांच्या ते लक्षात तरी आलं का, कोण जाणे.

सिस्टर्स एकेक करून गेल्या.
मठाच्या इमारतीत दातांचा दवाखाना आला.
वर्ग एकतीसवरून अकरावर आले.
मिस तेवढ्याच मोठ्या आवाजात हजेरी घेत राहिल्या,
जणू मागचे बाक भरलेलेच आहेत.

तर, सत्कार.
फादर डॅरिल बोलले (तेही त्यांचेच विद्यार्थी,
माझ्या पुढे दोन बाक, अक्षर माझ्याहून वाईट).
शाल-श्रीफळ नसतं आमच्याकडे,
लाकडी फळीवर पितळी पाटी असते.
मिसनी ती हातात घेतली. चष्मा लावला.
सगळं तळघर गप्प झालं.
एक झेड गळाला होता.

पर्स उघडली, आणि आम्ही सगळे,
चाळिशीतले, पन्नाशीतले,
आपसूक ताठ बसलो.
लाल पेन्सिल.
पण पितळेवर ती उमटेना.
एकदा ओढली, दोनदा ओढली.
मग फादरकडे वळून म्हणाल्या, "उद्या तीनदा लिहून आण."
"येस, मिस," फादर म्हणाले,
आणि हसावं की नाही ते कुणालाच कळेना.

दीडशे खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक भिंतीला टेकून उभे होते.

आता सगळे गेलेत.
खुर्च्या घडी करताना पाटी सापडली,
पहिल्या रांगेत, पर्सच्या जागी.
विसरल्या, की ठेवूनच गेल्या?
मी ती बॉयलरच्या खोलीत नेली.
खिळा घेतला. एस आणि सीच्या मध्ये
जागाच नव्हती,
म्हणून खाली काकपद दिलं, त्यांनीच शिकवलेलं,
आणि वर झेड कोरला.

वाकडा आलाय.
मार्क कापतील.